न दिसणारा महाल

सायकीच्या बहिणींनी तिचा संसार का मोडला, या प्रश्नाची दोन उत्तरे सुमारे १८०० वर्षांच्या अंतराने लिहिली गेली.

पहिले अपुलेयसचे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात त्याने 'मेटामॉर्फोसेस' या लॅटिन कादंबरीत ही कथा सांगितली. तीत डोंगरावर सोडून दिलेल्या राजकन्येला, म्हणजे सायकीला, वारा अलगद एका महालात नेतो. नवरा फक्त अंधारात येतो. आपले रूप पाहायचे नाही, अशी त्याची अट असते. भेटीला आलेल्या बहिणींना महाल आणि जडजवाहीर डोळ्यांनी दिसते. त्यांच्या पोटात दुखू लागते आणि त्या तिचे कान भरतात. हा उघड हेवा आहे. श्रद्धेचा इथे प्रश्नच नाही.

दुसरे उत्तर इंग्रजी लेखक सी. एस. लुईस यांचे. त्यांना नेमके हेच पटत नव्हते. बहिणीला महाल दिसताच कामा नये, असे त्यांना तरुणपणापासून वाटे. १९२०च्या दशकात त्यांनी ही कथा पद्यात लिहायचा प्रयत्न केला. तेव्हा ते नास्तिक होते, आणि थोरली बहीण बरोबर, देव चूक, असा त्यांचा बेत होता. १९३१ मध्ये ते ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले. कथेला मात्र वाट सापडली ती १९५५ मध्ये, भावी पत्नी जॉय डेव्हिडमन यांच्याशी झालेल्या चर्चेतून. १९५६ मध्ये आलेली 'टिल वी हॅव फेसेस' ही कादंबरी त्यांनाच अर्पण केलेली आहे.

इथे निवेदन थोरल्या, कुरूप ओरुअलचे आहे. आईविना पोरक्या सायकीला तिनेच लहानाचे मोठे केलेले. दरीत दोघींची भेट होते तेव्हा सायकी तिला सुरेख पेल्यातून मद्य देते; ओरुअलला दिसते ते ओंजळीतले ओढ्याचे पाणी. सायकीच्या लेखी त्या महालाच्या पायऱ्यांवर उभ्या असतात, ओरुअलच्या पायाखाली नुसते गवत. पहाटेच्या धुक्यात महाल तिलाही क्षणभर दिसतो, पण तेवढ्यावर ती विश्वास ठेवत नाही. उलट स्वतःच्या दंडात खंजीर खुपसून ती सायकीला दिवा लावून नवऱ्याला पाहायची शपथ घालते. धन दिसतच नसल्यामुळे आता हेवा धनाचा उरत नाही. जिला वाढवले ती आपला हात पोचणार नाही अशा ठिकाणी सुखी आहे, हे सलते.

ओरुअलची ही हक्क गाजवणारी माया पुढे इतरांनाही गिळते. ओरुअल राणी होते. गुलामीतून मुक्त केलेला वृद्ध ग्रीक गुरू तिच्यासाठी मायदेशी जात नाही, सेनापती बार्डिया राबून राबून मरतो. त्याची विधवा आन्सिट हे तिला तोंडावर सुनावते. देवांविरुद्धची फिर्याद ओरुअल त्यांच्या दरबारात वाचते तेव्हा तिच्या तोंडून भलतेच निघते: मुलगी माझी होती, तुम्ही ती नेलीत.

दुसऱ्या भागातली दृष्टान्तांची गर्दी जरा घाईची वाटते. पहिला भाग भक्कम आहे, कारण नास्तिक लुईसने बहिणीची बाजू जितकी मनापासून घेतली असती, तितकीच श्रद्धावंत लुईसने घेतली आहे. तिची तक्रार वाचकालाही न्याय्य वाटत राहते.

१९६० च्या 'द फोर लव्हज' मध्ये लुईस यांनी माया माणसाला कशी गिळते, हाच विचार गोष्टीविना मांडला. घरातला एकजण श्रद्धेकडे किंवा विद्येकडे वळला, की बाकीचे घर त्याच्यावर कसे उलटते, याचे तिथले वर्णन ओरुअलच्या कहाणीपेक्षा बरेच कठोर आहे.