भूमी, वंश आणि नागरिकत्वाचा आधार

मुलाला जन्मतःच नागरिकत्व कशाच्या आधारे मिळावे, या प्रश्नाची आधुनिक राज्यांनी मुख्यतः दोन उत्तरे दिली आहेत. राज्याच्या भूमीवर जन्मलेले मूल नागरिक होय, हे जन्मस्थानाचे तत्त्व. मूल कोठेही जन्मले तरी ते मातापित्यांचे नागरिकत्व घेऊन येते, हे वंशाचे तत्त्व. दोहोंतही मुलाची निवड वा कर्तृत्व नसल्याने गुणाच्या कसोटीवर दोन्ही सारखीच ठरतात. भेद आहे तो मुलाला कोणाच्या कृत्याबद्दल उत्तरदायी धरले जाते यात.

भारतीय कायद्याची वाटचाल हा भेद स्पष्ट करते. १९५५च्या नागरिकत्व अधिनियमाने, परकीय राजदूतांची अपत्ये यांसारखे मोजके अपवाद वगळता, २६ जानेवारी १९५०पासून भारतात जन्मलेल्या प्रत्येकाला नागरिक मानले. १९८६च्या दुरुस्तीने १ जुलै १९८७पासूनच्या जन्मांसाठी मातापित्यांपैकी एकजण नागरिक असण्याची अट घातली. २००३ची दुरुस्ती ३ डिसेंबर २००४ रोजी अमलात आली, तेव्हापासून एक पालक नागरिक असूनही दुसरा ‘अवैध स्थलांतरित’, म्हणजे वैध कागदपत्रांविना आलेला किंवा मुदत संपल्यावरही राहिलेला परदेशी, असेल तर मुलाला जन्माने नागरिकत्व मिळत नाही. सीमा ओलांडली पालकाने. फळ मात्र ज्याने काहीच केलेले नाही त्याच्या वाट्याला येते. पित्याच्या अपराधासाठी पुत्राला शिक्षा करणे फौजदारी न्यायाला मान्य नाही, आणि नागरिकत्वाच्या कायद्याने ते मान्य करावे याचे समाधानकारक समर्थन सापडत नाही.

वंशतत्त्वात एक तार्किक अडचणही आहे. मूल नागरिक का, तर आई नागरिक म्हणून. आई का, तर तिचे वडील नागरिक म्हणून. अशा मालिकेत न्यायशास्त्र ज्याला अनवस्था म्हणते तो दोष येतो, म्हणजे प्रत्येक आधाराला नवा आधार लागतो आणि मूळ आधार हाती येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ५ने ही मालिका अधिवासापाशी, म्हणजे कायम राहण्याच्या इराद्याने केलेल्या वस्तीपाशी थांबवली, आणि जोडीला स्वतःचा जन्म, मातापित्यांपैकी एकाचा जन्म किंवा पाच वर्षांचे वास्तव्य यांतील एक गोष्ट पुरेशी मानली. गोवा, दमण व दीवसाठीच्या १९६२च्या आदेशाने आजीआजोबांपर्यंत वंश मोजला खरा, पण त्या पूर्वजाचा २० डिसेंबर १९६१पूर्वी तेथे झालेला जन्मच निर्णायक धरला. वंशालाही अखेर भूमीवरच टेकावे लागले.

तथापि वंशतत्त्व टाकाऊ नाही. आखाती देशांत नोकरी करणाऱ्या दांपत्याच्या मुलाला तेथील भूमी नागरिकत्व देत नाही, तेव्हा वंशाचा आधार नसेल तर ते राज्यहीन, म्हणजे कोणत्याच देशाचे नागरिक नसलेले, ठरेल. मुलाला सामावून घेणारा हा उपयोग न्याय्य आहे, त्याला वगळणारा नाही. अर्थात या संरक्षणातही पक्षपात होता: १० डिसेंबर १९९२पूर्वी परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने नागरिकत्व मिळे ते केवळ पित्याकडून, आणि ज्या रक्ताचे एवढे महत्त्व सांगितले जाते त्यातले आईचे रक्त कायदा मोजतच नसे.

जन्मस्थान हा निव्वळ योगायोग आहे, हा आक्षेप प्रवासात जन्मलेल्या मुलाबाबत खरा आहे. पण तो जन्मस्थानाला वास्तव्याची जोड मागतो, वंशाची नव्हे. १९१३च्या कायद्याने वंशालाच धरून बसलेल्या जर्मनीने २०००पासून, परदेशी मातापित्यांपैकी एकाचे आठ वर्षांचे वैध वास्तव्य असल्यास, तेथे जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व दिले आणि २०२४मध्ये ही मुदत पाच वर्षांवर आणली. तरीही परवान्याविना राहणाऱ्यांचे मूल तेथेही बाहेरच राहते, जरी ते त्याच शाळेत शिकत असले, त्याच कायद्यांनी बांधलेले असले आणि दुसरा कोणताही देश त्याने पाहिलेला नसला.