ओसरीची जाळी

।। श्रीगुरुदेव ।।



आपल्या केंद्राच्या ओसरीचे काम मृगाच्या आधी उरकायचे ठरले आहे, हे ग्रुपवर सगळ्यांना कळलेच आहे. गंजलेली जुनी जाळी काढून नवी बसवायची आणि सागवानी खांब, कठडा, चौकटी घासून पुन्हा तेलावर आणायच्या. खर्चाचा हिशोब दादांनी टाकलाय, तो परत लिहीत नाही. पण त्या निमित्ताने ग्रुपवर जे बोलणे झाले, त्याबद्दल थोडे लिहायला हवे असे आम्हा सेवेकरी बायांना वाटले.

काहींचे म्हणणे पडले की, जिथे रोज नामस्मरण चालते तिथे डासाची भीती कशाला? श्रद्धा पक्की असली की सद्गुरू सांभाळतात. ऐकायला गोड आहे हो. पण मागच्या आश्विनात आपल्या एका आजींचा नातू मलेरियाने सहा दिवस दवाखान्यात होता. डास कुठे चावला हे कोणी सांगू शकत नाही. घरी, शेतात, इथे, कुठेही. या आजी कित्येक वर्षे आरती चुकवत नाहीत. तो मेसेज वाचून त्यांना काय वाटले असेल? आपली श्रद्धा कमी पडली म्हणून पोर तापाने फणफणले? दोन रविवार झाले, आजी आलेल्या नाहीत. आम्ही चौघी शनिवारी त्यांच्याकडे जाणार आहोत. पण आधी हा विचार आपल्या मनातून निघायला हवा. आजार म्हणजे भक्तीच्या परीक्षेचा निकाल नव्हे. तसे असते तर एकही संत आजारी पडला नसता.

आपला बालाघाट जिल्हा जंगलाचा, नदी-नाल्यांचा. बैहर, बिरसा, लांजीकडच्या लोकांना हा ताप नवा नाही. पूर्वी सगळीकडे समजूत होती की दलदलीच्या खराब हवेने हा ताप येतो. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला. तरी लोकांना पटेना. मग १९०० साली डॉ. सॅम्बन आणि डॉ. लो हे दोघे इटलीत रोमजवळ ओस्टियाच्या दलदलीत जाऊन राहिले, तेही ऐन तापाच्या दिवसांत. दिवसभर बाहेर फिरत, तीच हवा घेत. कोयनेल घेतले नाही. नेम एकच पाळला: सूर्य मावळायच्या आधी जाळी लावलेल्या झोपडीत यायचे आणि उजाडेपर्यंत आतच राहायचे. आजूबाजूचे लोक तापाने आडवे होत होते, या दोघांना काही झाले नाही. दिवेलागणीला घरात यावे असे आपल्या आज्या सांगत, ते आठवते ना?

आम्हाला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांनी खिडक्या बंद केल्या नव्हत्या, जाळी लावली होती. वारा येत होता, उजेड येत होता, आवाज येत होता. चावणारा तेवढा बाहेर राहिला. गीतेच्या पाचव्या अध्यायात देहाला नऊ दारांचे नगर म्हटले आहे. संयम म्हटला की आपल्याला वाटते, सगळी दारे लावून बसायचे. टीव्ही बंद, फोन बंद, शेजारणीशी बोलणे बंद. असे घर कोंदट होते, आणि कोंदट घरातला माणूस चिडका होतो, हे आपण सगळ्यांनी बघितलेय. कानाला जाळी हवी. शेजारणीचे दुःख आत यावे, तिच्या सुनेची निंदा बाहेर राहावी. आता जाळीचे असे आहे, इंचात सोळा-अठरा तारा असल्या तरी कोपऱ्यात एक भोक राहिले तर डासाला तेवढे पुरते. म्हणून कोपरे नीट बघायचे. नायलॉनची जाळी स्वस्त, पण उन्हाने विरते; साधी लोखंडी दोन-चार पावसाळ्यांत गंजते. स्टीलची महाग, तरी तीच घ्यावी असे आमचे मत.

एका काकाजींनी विचारले, ओसरी तर येणाऱ्या-जाणाऱ्याची. जाळीचे दार लावले तर वाटसरू कसा टेकणार? खरा प्रश्न आहे. म्हणून दाराला आतून कडी नाही, स्प्रिंग लावायची. ढकलले की उघडेल, सोडले की आपोआप लागेल.

आता लाकूड. सुतारभाऊ म्हणाले, रंधा मारला तर एका दिवसात काम. आपण नको म्हटले. रंध्याने गेलेले लाकूड परत येत नाही, आणि वरचा काळपटपणा हा मळ आणि जुन्या पॉलिशचा आहे, आतला साग धड आहे. पॉलिश पेपरने घासायचे, आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०. तेही लाकडाच्या रेषेने. आडवे घासले तर तेव्हा काही दिसत नाही, तेल लागले की ओरखडे उठून दिसतात. घरात सुनेला, मुलाला काही सांगायचे असते तेव्हा आपल्या हातात बरेचदा रंधाच असतो, नाही का? जाळीच्या पट्ट्यांना बारीक खिळे असतात, त्यांना सुतार चुका म्हणतात. त्या काढतानासुद्धा हलक्या हाताने, एकेक; ओढून काढल्या तर पट्टी फाटते.

लाखेचे पॉलिश का नाही, असे वहिनींनी विचारले होते. लाख आपल्याच भागातली, पळस आणि कुसुमाच्या झाडावरच्या किड्यांची देणगी. चकाकी सुंदर, पण ओल लागली की ते पांढरे पडते. आतल्या देव्हाऱ्याला ते करू. ओसरीला डबल बॉइल्ड जवसाचे तेल. हात पातळ द्यायचा, राहिलेले तेल पुसून घ्यायचे आणि एक दिवस वाळू द्यायचे. असे तीन हात.

रविवारी सकाळी सातला यावे. घरचे जुने सुती कपडे आणि नाकातोंडाला बांधायला रुमाल आणावा. जुना रंग घासताना लहान मुलांना जवळ बसवू नये, जुन्या रंगात शिसे असू शकते. आणि हे नक्की लक्षात ठेवा: तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकायचे नाहीत. जवसाच्या तेलाचे फडके ढिगात आपोआप तापून पेट घेते. एकेक पसरून उन्हात वाळवायचे, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाकायचे. बादली नळाजवळ भरून ठेवलेली असेल.

।। श्रीगुरुचरणी अर्पण ।।