आवाज कुणाचा?

परदेशातल्या मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या निवृत्त बापाला तिथे दोनच कामं असतात. एक म्हणजे घरभर दिवे बंद करत हिंडणं आणि दुसरं म्हणजे मुलगा जे काही करत असेल त्याच्यावर बॅटरी धरणं. पहिलं काम मी स्वखुशीने पत्करलं होतं. दुसरं माझ्या गळ्यात पडलं ते एका शनिवारी सकाळी, कॅलिफोर्नियात, चिरंजिवांच्या गॅरेजमध्ये. तिथे गॅरेज म्हणजे फिटरचं दुकान नव्हे, घरालाच चिकटलेली एक खोली. आपल्याकडे तेवढ्या जागेत एक कुटुंब आणि गावाकडून आलेला एक पाहुणा सुखाने नांदेल.

या खोलीत चिरंजिवांनी १९७२ सालची डॅटसन २४० झेड आणून ठेवली होती. लांबलचक नाकाची, बुटकी, आणि फक्त दोन माणसांची. आईवडील राहायला आलेले असताना दोघांपुरती गाडी घेण्यात काही सूचक अर्थ आहे का, असं हिने मला रात्री हळूच विचारलं. जपानात या गाडीला 'फेअरलेडी' म्हणतात हे कळल्यावर सूनबाई फक्त "तरीच!" एवढंच म्हणाल्या.

"बाबा, आज हेडर बसवायचे," चिरंजीव म्हणाले.

हेडर म्हणजे काय हे मला त्यांनी समजावून सांगितलं. मी ते माझ्या भाषेत समजून घेतलं. इंजिनाला सहा सिलिंडर. प्रत्येकातून जळका धूर धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो. कंपनीने बसवलेला मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचा, आखूड आणि जाड. म्हणजे चाळीतल्या जिन्यासारखा! सकाळी एकाच वेळी सगळे बिऱ्हाडकरू निघाले की जी चेंगराचेंगरी होते ती तिथे धुराची होते. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, लांब नळी. सगळ्या एकत्र येतात त्या बऱ्याच पुढे जाऊन. गंमत अशी की एका नळीतून धुराचा धक्का पुढे सरकला की त्याच्यामागे दाब कमी होतो आणि तो पुढच्याचा धूर ओढून घ्यायला मदत करतो. थोडक्यात, वेगळी बिऱ्हाडं केली, गणपतीपुरतं एकत्र आलं, की एकमेकांना मदत करण्याची बुद्धी होते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे तत्त्व पटायला वेळ लागला नाही.

"मग घोडे किती वाढणार?" मी विचारलं. कंपनीच्या कागदावर या इंजिनाचे १५१ घोडे होते.

"एकट्या हेडरने थोडेफार. तेसुद्धा इंजिन वरच्या फेऱ्यांवर गेल्यावर."

थोड्याफार घोड्यांसाठी एवढी यातायात? पण मी गप्प राहिलो. बॅटरी धरणाऱ्याने मतं मांडायची नसतात.

या इंजिनात हवा आत जाण्याचा आणि धूर बाहेर पडण्याचा मार्ग एकाच बाजूला आहे. खाली धुराचा मॅनिफोल्ड, त्याच्या डोक्यावर दोन कार्बुरेटर. म्हणजे तळमजल्यावरचा भाडेकरू काढायचा तर आधी पहिल्या मजल्यावरच्याला भांड्याकुंड्यांसकट रस्त्यावर आणायचं. त्यात स्टड पन्नास वर्षांचे गंजलेले, आणि इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, नरम. जोर लावला आणि स्टड आत तुटला की ड्रिल मारत बसा. म्हणून आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवलं होतं. नट थोडा पुढे न्यायचा, थोडा मागे घ्यायचा, पुन्हा तेल, पुन्हा वाट पाहायची. चिरंजीव हे मोठ्या गांभीर्याने मला शिकवत होते. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झालेल्या माणसाला!

दुपारपर्यंत जुना मॅनिफोल्ड निघाला. नवं गॅस्केट, नव्या चकचकीत नळ्या, मधले नट आधी आणि कडेचे नंतर, असं सगळं यथासांग झालं. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता खाली भक्कम घोड्या लावल्या आहेत ना, हे मी चार वेळा वाकून पाहिलं. पोटचा पोर गाडीखाली असताना अश्वशक्ती वगैरे काही आठवत नाही.

मग त्यांनी दुसरा खोका उघडला. त्यात एक सायलेन्सर होता. आरपार सरळ नळी, तिला भोकं आणि भोवती थोडं भरण.

"हा कशाला? जुना चांगला आहे की!"

"आवाजासाठी, बाबा. सहा सिलिंडरचा खरा आवाज ऐकाल तर वेडे व्हाल."

मी हातातली बॅटरी खाली ठेवली. कारण समोरच्या घराचे पडदे भर दुपारी ओढलेले होते. तिथे एक नर्सबाई राहतात. इस्पितळात रात्रपाळी करतात, सकाळी आठला येतात आणि झोपतात. हे मला ठाऊक होतं, कारण निवृत्त बापाला तिसरंही एक काम असतं, खिडकीत उभं राहण्याचं.

मी तसं म्हणालो. चिरंजिवांनी लगेच कायदा काढला. तिथे मोटारीच्या आवाजाची मर्यादा ९५ डेसिबल. आपला सायलेन्सर त्याच्या आत. १९७५पर्यंतच्या गाड्यांना तर धुराच्या तपासणीतूनही सूट आहे. "आणि दिवसा आवाज करायला कुणाची हरकत? ते पानं उडवायचं यंत्र चालतं, कचऱ्याची गाडी चालते, फक्त माझ्याच आनंदाचा आवाज का चालत नाही?"

प्रश्न बिनतोड होता. मी म्हटलं, कचऱ्याच्या गाडीचा आवाज कामापोटी होतो, तुझा हौसेपोटी. तर ते म्हणाले, "म्हणजे कामाला जागा आणि आनंदाला नाही? मग तुमचं ते शास्त्रीय संगीत?" मी म्हटलं, ऐकायला कुणी नसेल तर तू हा आवाज काढशील का? "काढीन की! मी ऐकीन ना!" हेही खरंच होतं. बापाचे दोन्ही मुद्दे मुलाने पाडावेत आणि बापाला त्यात थोडा अभिमान वाटावा, असा तो प्रसंग.

मग मी बुद्धिवाद सोडला आणि कबुलीजबाब दिला.

१९७६ साली पुण्यात मी येझदी घेतली. किक मारायचा दांडाच आडवा केला की गिअरचा दांडा होई, अशी ती अजब फटफटी. तिच्या सायलेन्सरच्या शेपटातली जाळी काढली की आवाज असा फुटे की पेरूगेटाजवळ वळलो तर नारायण पेठेत कळावं! मी ती काढली. कॉलेजात असताना 'पुरुषोत्तम'च्या वेळी भरत नाट्य मंदिरात "अरे, आवाज कुणाचा?" म्हणून घसा फोडला होता. आता त्याचं उत्तर येझदी देत होती.

आमच्या खालच्या मजल्यावर एक शाळामास्तर राहत. पत्नीला दमा. रात्र रात्र बसून काढायच्या, पहाटे कुठे डोळा लागायचा. पण मी नाटकाच्या तालमी आटोपून रात्री एक वाजता यायचो. मास्तर मला कधीच बोलले नाहीत. फक्त एकदा जिन्यात म्हणाले, "काल उशीर झाला वाटतं. एक वाजून दहा मिनिटांनी आलास." मला वाटलं, काय आपुलकी आहे! ती आपुलकी नव्हती, तक्रार होती, हे कळायला मला स्वतःचं मूल व्हावं लागलं. महत्प्रयासाने निजवलेलं पोर रस्त्यावरच्या कुणाच्यातरी फटफटीने दचकून उठलं, त्या रात्री कळलं. ते पोर म्हणजे आमचे हे चिरंजीव.

आपल्याकडेही २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याचे फोटो आता पेपरात येतात. नियम हवेतच. पण नियमाला आवाज मोजता येतो, माणूस मोजता येत नाही. मास्तरांच्या घरातली पहाट आणि नर्सबाईंची दुपार कुठल्या डेसिबलमध्ये धरायची?

चिरंजीव पाना पुसत बसले. तेवढ्यात ही चहा घेऊन आली. सगळं ऐकून म्हणाली, "एवढी चर्चा करण्यापेक्षा त्या बाईंनाच विचारून या ना!"

तत्त्वज्ञानाची हीच अडचण आहे. ज्याच्याबद्दल विचार चालतो त्याला विचारायचं राहून जातं. आणि विचारायचं तर 'नाही' ऐकायची तयारी ठेवूनच. नाहीतर ते विचारणं नव्हे, कळवणं झालं.

संध्याकाळी बाप-लेक त्यांच्या दारात उभे राहिलो. बाई हसल्या. म्हणाल्या, चारनंतर हवा तेवढा आवाज करा, त्याआधी मात्र मी मेलेली असते. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "मला एकदा बसवून न्याल का?"

नेलं. सायलेन्सर जुनाच होता, तरी नव्या नळ्यांमुळे आवाजाला एक खणखणीत धार आली होती. नळ्यांवरचं तेल जळून सुरुवातीला थोडा धूर निघाला, तेव्हा मी पाण्याची बादली घेऊन धावलो हे सोडून देऊ. अर्ध्या तासाने बाई परत आल्या त्या लहान मुलीसारख्या लाल होऊन. चिरंजीव मला कानात म्हणाले, "बाबा, त्या सारख्या 'अजून जोरात' म्हणत होत्या!"

म्हणजे आवाज तोच. आत बसला की संगीत, बाहेर निजला की छळ. त्या रात्री मला पुन्हा मास्तर आठवले. ते रोज शाळेत चालत जायचे. माझा रस्ता तोच. चार वर्षं मी त्यांना झोपेतून उठवलं, पण "मास्तर, बसता का मागे?" असं एकदाही विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत. येझदीही नाही.

तो आरपार सायलेन्सर अजून खोक्यातच आहे. परत पाठवलेला नाही आणि बसवलेलाही नाही. इतका निग्रह माणसाला पुरेसा असावा. रविवारी सकाळी चिरंजिवांना डोंगरातल्या रस्त्याने फिरून यायचं असतं. तेव्हा आम्ही गाडी सुरू न करता कोपऱ्यापर्यंत ढकलत नेतो. दीडशे घोड्यांची गाडी, आणि तिला ढकलायला सत्तरीचा एक माणूस! कोपरा वळला की चिरंजीव किल्ली फिरवतात आणि ती सहा नळ्यांतून गर्जना करते.

कोपऱ्यावरच्या घरात कोण झोपतं, ते मात्र अजून विचारायचं आहे.