अरुंधती दिसली काय?

दुसऱ्याने बोट करून दाखवलेली वस्तू आपण पाहिली, तर ते पाहणे आपले म्हणावे की त्याचे? प्रश्न जुना आहे आणि तो गुरू, ग्रंथ, परंपरा या साऱ्यांनाच लागू पडतो. त्याची परीक्षा घ्यायची झाल्यास हौशी आकाशनिरीक्षकाच्या हातातील छोट्या मार्गदर्शिकेइतके सोयीचे साधन आम्हांस दुसरे दिसत नाही. येथे ग्रंथ आणि ग्रंथाचा विषय एकाच वेळी समोर असतात. एक हातात, दुसरा डोक्यावर. पानावरून नजर उचलली की पडताळा घेता येतो. धर्म, नीती, इतिहास यांवरील ग्रंथांच्या वाचकाला ही सोय क्वचितच लाभते.

वैशाखातील रात्री, जेवणे आटोपण्याच्या सुमारास, सप्तर्षी उत्तरेकडे चांगले वर आलेले असतात. मार्गदर्शिका सांगते : प्रथम चार ताऱ्यांचा चौकोन ओळखा, मग त्याला जोडलेली तीन ताऱ्यांची शेपटी पाहा, शेपटीतील मधला तारा वसिष्ठ आणि त्याला लगटून असलेली मंद तारका ती अरुंधती. दोहोंतील अंतर पूर्णचंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहूनही कमी आहे. ठळकाकडून मंदाकडे, ओळखीच्याकडून अनोळखीकडे असे एकेक पाऊल टाकत जाणे, हीच सर्व तारकानकाशांची रीत.

ही रीत आपल्याकडे फार पूर्वीच तत्त्वज्ञानात शिरली. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात स्थूलारुंधतीचा दृष्टांत योजला आहे. अरुंधती दाखवू पाहणारा प्रथम तिच्याजवळच्या मोठ्या ताऱ्यालाच अरुंधती म्हणतो. नजर तेथे स्थिर झाली, की ‘ही नव्हे’ असे म्हणून खरी अरुंधती दाखवतो. म्हणजे दाखवणारा आधी असत्य बोलतो. मग त्याला खोटारडा का म्हणू नये? आमच्या मते, तो आपला शब्द मागे घेण्याच्या तयारीनेच बोललेला असतो म्हणून. ‘ही नव्हे’ हे दुसरे वाक्य जो उच्चारत नाही, तो मार्गदर्शक नव्हे, फसवणारा. आणि ते वाक्य ऐकूनही जो मोठ्या ताऱ्यापाशीच थांबतो, त्याने शिष्यत्व अर्ध्यावर सोडले. दाखवणे व पाहणे या दोन्ही कर्मांना असे नैतिक बंधन आहे.

कधी ‘ही नव्हे’ हे वाक्य वाचकाला स्वतःच उच्चारावे लागते. इंग्लंडातील वाचकासाठी रचलेली मार्गदर्शिका सांगेल, की सप्तर्षी बाराही महिने रात्रभर क्षितिजावर असतात. तेथे ते खरेच आहे. परंतु पणजी, बेळगाव, हैदराबाद, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर यांपैकी कोणत्याही गावी ते खरे नाही. आपल्याकडे सातही ऋषी मावळतात आणि पुन्हा उगवतात. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या त्या स्थळाच्या अक्षांशाइतकी असते. हात ताठ धरून मूठ मिटली, तर ती आकाशाचे सुमारे १० अंश व्यापते. त्या मापाने पणजीस ध्रुव जेमतेम दीड मूठ वर, तर ग्वाल्हेरीस अडीच मुठींहून किंचित अधिक. येथे ग्रंथ खोटा ठरत नाही, पण तो कोठे उभा राहून बोलतो आहे हे ओळखल्यावाचून त्याचे सत्य आपले होत नाही. पिढ्यान्पिढ्या मूळ गावापासून दूर वसलेल्या आपल्या घराण्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी. देशावरून किंवा कोकणातून आणलेल्या कितीतरी रीती आपण नव्या क्षितिजाशी जुळवून घेतल्या. काही मात्र जुन्याच उंचीवर शोधत राहिलो.

विवाहविधीत वराने वधूला ध्रुव आणि अरुंधती दाखवावयाची असते. हल्ली मुहूर्त बहुधा दिवसाचे असतात, कार्य सभागृहात होते. बोट छताकडे जाते आणि ‘दिसली’ असे उत्तर येते. कोणी म्हणेल, ते उत्तर साक्ष नव्हेच, ती प्रतिज्ञा आहे; विधीच्या भाषेला वस्तुस्थितीची फूटपट्टी लावू नये. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. विधीतील ‘दिसली’ तेथेच थांबत असेल तर तक्रार नाही. पण न पाहता ‘दिसली’ म्हणण्याची सवय मंडपाबाहेरही येते. थोरांनी सांगितले म्हणून दिसले, चारचौघांना दिसले म्हणून दिसले, पुस्तकात छापले आहे म्हणून दिसले. निरीक्षकाच्या वहीत ‘दिसली नाही, आकाश धुरकट’ ही नोंद ‘दिसली’ या नोंदीइतकीच प्रतिष्ठित असते. किंबहुना पहिली लिहिण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्याच दुसरीला किंमत.

याचे एक उदाहरण सप्तर्षींच्या शेजारचेच आहे. धूमकेतू शोधताना ज्या अंधुक ठिपक्यांनी फसगत होते, त्यांची फ्रेंच ज्योतिर्विद शार्ल मेसिये याने सूची केली. १७८१ साली ती १०३ नोंदींपर्यंत पोचली. तीतील १०१ क्रमांकाची वस्तू सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाजवळ आहे. १०२ क्रमांकाची वस्तू कळवणारा मेसियेचा सहकारी पिएर मेशँ. १७८३ साली त्याने स्वतःच पत्राने कळवले, की १०२ ही वस्तू निराळी नाही. १०१ चीच ती दुबार नोंद होय. आजही काही मार्गदर्शिका तो क्रमांक कालेय समूहातील एका दीर्घिकेला देतात व त्यावर वाद आहे. वादाचा निकाल काहीही लागो, छापून गेलेला आपला शब्द मागे घेणाऱ्या मेशँने ‘ही नव्हे’ या वाक्याचा मान राखला.

उलट, कधी ग्रंथही बरोबर असतो आणि डोळाही. मृगाच्या चौकोनातील तांबूस तारा काक्षी, ज्याला आर्द्रेचा ताराही म्हणतात, २०१९ च्या अखेरीस मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचे तेज नेहमीच्या सुमारे एक तृतीयांशावर आले. पुढे तो पूर्ववत झाला. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्यापासून बनलेल्या धुळीने तो झाकोळला होता, असा उलगडा २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्या हिवाळ्यात पुस्तकातील तेजाचा आकडाच प्रमाण मानणाऱ्याने आपल्या डोळ्यांना दोष दिला असता, आणि केवळ डोळ्यांवर विसंबणाऱ्याला काही बदलले आहे हे कळलेच नसते. नवे ओळखण्यासाठी जुने माहीत असावे लागते.

म्हणून मार्गदर्शिका फेकून द्यावी, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तिच्या एकेका ठिपक्यामागे कोणाचे तरी जागरण आहे. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत १९१४ पासून आंतरराष्ट्रीय तारकासूचीसाठी आकाशाच्या एका पट्ट्याची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची स्थाने मोजण्यात आली. उज्जैनची जयसिंगनिर्मित वेधशाळा माधवराव शिंदे यांनी १९२३ साली दुरुस्त करविली आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्या देखरेखीखाली तेथे पुन्हा वेध घेतले जाऊ लागले. अशा असंख्य वेधकांची बहुतेक नावे आपणांस कधीच कळणार नाहीत. त्यांचे ऋण आज्ञाधारकपणाने फिटत नाही. त्यांनी प्रामाणिकपणे पाहिले, तसे आपण पाहावे, एवढीच त्याची परतफेड.

तर आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे : बोट त्याचे, वाट त्याची, पण वसिष्ठापासून अरुंधतीपर्यंतचे शेवटचे, निम्म्या चंद्राहूनही लहान अंतर नजरेला एकटीनेच काटावे लागते, आणि ‘दिसली’ म्हणण्याची जबाबदारीही तिचीच. तेवढे अंतर काटले, की ते ज्ञान आपले. गच्चीवर नातवंडांना अरुंधती दाखवताना एखादे पोर ‘मला नाही दिसत’ म्हणाले, तर त्याला दटावू नये. दिवे मालवून आणखी पंधरा मिनिटे अंधारात त्याच्यासोबत बसावे.