तीन लाख किलोमीटर चाललेली गाडी

नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाट उतरणारी पिकअप तुम्ही पाहिली असेल. मीटरवर तीन लाख किलोमीटर पडलेली अशी गाडी एखाद्या घराचं पोट भरत असते. दसऱ्याला आपण तिला झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. तो मान तिचा आहेच. पण रोजची पाच मिनिटंही तिच्या हक्काची आहेत.

सेल मारण्याआधी, इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी ओढायची, पुसायची, पुन्हा घालून पातळी बघायची. जुनं इंजिन थोडं ऑइल खातंच. पातळी उतरली की भर घालायची. कूलंट, टायरमधली हवा, पाट्यांना आणि क्रॉसला ग्रीस, हे तर बहुतेक चालक करतातच.

मला खरी काळजी वाटते ती ब्रेक ऑइलची. ते हवेतला ओलावा शोषून घेतं आणि बाहेरून काही कळत नाही. भरलेली गाडी लांब उतारावर आली, ब्रेक तापले, की त्यातलं पाणी उकळतं, वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खोल जातं आणि गाडी मात्र थांबत नाही. साधारण दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलावं लागतं. आणि उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका. खालचा गिअरच तिला धरून ठेवतो.

आपल्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, हे आजच मेस्त्रींना विचारा.