विशेषणे आणि खांब

चेकवर अक्षरी रक्कम लिहिली की पुढे 'फक्त' लिहावे लागते. हेतू हा, की मागाहून कोणी त्यात काही घुसडू नये. वर्तमानपत्रांच्या कचेरीत हा शब्द अजून पोचलेला दिसत नाही. विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला, की तिथे आधी विशेषणे बाहेर पडतात. मोर्चा कशासाठी होता ते जागा उरली तर. एकच पोरगा एका पेपरात 'कोवळा', दुसऱ्यात 'माथेफिरू'. वास्तविक दोन्हीकडे तो वसतिगृहाच्या आमटीवरच वाढलेला!

मग काय नुसते आकडे छापायचे? आकड्यांत आमची हयात गेली, पण आकडे वाचून रडलेला कारकून पाहिला नाही. (संध्याकाळी हिशेब जुळत नसेल तर गोष्ट वेगळी.) ४ मे १९७० ला अमेरिकेत ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शने चालू असताना नॅशनल गार्डच्या शिपायांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. ४ विद्यार्थी ठार, ९ जखमी. हिशेब चोख, पण लोकांच्या लक्षात राहिला तो जॉन फिलो या तिथल्याच विद्यार्थ्याने काढलेला फोटो. पालथ्या पडलेल्या मुलापाशी गुडघे टेकून एक मुलगी आक्रोश करते आहे. ती विद्यार्थिनी नव्हतीच. फ्लोरिडातून घर सोडून आलेली १४ वर्षांची पोर. म्हणून काय तिचा हंबरडा खोटा? छे! रडायला ओळखपत्र लागत नाही.

आमची तक्रार वेगळीच आहे. तिच्या डोक्यामागे कुंपणाचा एक खांब होता. पुढे कोणीतरी तो पुसून टाकला आणि १९९५ साली 'लाइफ' मासिकात फोटो छापला गेला तो बिनखांबाचा. का, तर दुःख जरा नीटनेटके दिसावे. खाडाखोड केलेला चेक आम्ही खुशाल परत करतो. फोटो कोण परत करणार?

आणि एवढे करून उपयोग? गोळीबारानंतर लगेच गॅलपने लोकांना विचारले, तर ५८ टक्क्यांनी दोष विद्यार्थ्यांनाच दिला, शिपायांना ११ टक्क्यांनी. लोक आपली हळहळसुद्धा आधीच उघडलेल्या खात्यातच भरतात.

परवा हिला खांबाचा आणि बिनखांबाचा असे दोन्ही फोटो दाखवले. खांब हिला दिसलाच नाही. बराच वेळ बघून म्हणाली, "अहो, सगळे त्या पोरीबद्दलच सांगताय. खाली पडलाय तो कोण?"

जेफ्री मिलर. वय वर्षे २०. शोधावे लागले.