परक्या शेतातले श्रम

रब्बीची रास घरात आली, नांगरट झाली, धसकटे वेचून शेणखत पसरले, की वैशाखात शेताला माणसाची गरज कमी होते. मृगाला अवकाश असतो. देगलूर तालुक्यातल्या शेतकरी घरातला विशीतला मुलगा किंवा मुलगी याच दिवसांत घराबाहेर पडू शकते: कुठल्या श्रमशिबिराला, पाणलोटाच्या कामाचे शिक्षण घ्यायला, एखाद्या पदयात्रेला. परत आल्यावर तो 'घडून आला' असे घरचे म्हणतात. हे घडणे म्हणजे नेमके काय, परक्या शेतात गाळलेल्या घामाने माणूस खरोखर मोठा होतो का, आणि होत असेल तर ती वाढ कोणत्या मापाने मोजावी, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे.

वारकरी परंपरेत या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही संतांच्या चरित्रातूनच आलेली आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या अरण गावचे सावता माळी यांनी मळा सोडला नाही. पंढरपूर जवळ असूनही ते वारीला गेले नाहीत, देवच त्यांच्या मळ्यात आला, असे परंपरा सांगते. इ.स. १२९५ मध्ये त्यांनी तिथेच देह ठेवला. खुरपणी, मोटेचे पाणी, वाफे हीच त्यांची उपासना होती. त्यांचे समकालीन नामदेव मात्र जन्मभर चालले. आजच्या हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे त्यांचे गाव मानले जाते. ज्ञानेश्वरांबरोबर त्यांनी तीर्थे केली आणि ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर ते पंजाबात जाऊन राहिले. त्यांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. देगलूरहून सुमारे ८० किलोमीटरवर नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात त्याच ग्रंथाचे पठण होते, तेव्हा मराठवाड्यातून पंजाबात गेलेले शब्द पुन्हा मराठवाड्यात ऐकू येतात. शीख परंपरेने तर प्रवास आणि शेती यांची सांगड एकाच आयुष्यात घातली. गुरू नानक दीर्घ यात्रा करून परतले आणि रावीकाठी कर्तारपूरला स्वतः शेती करत राहिले. कष्टाची कमाई, वाटून खाणे आणि नामस्मरण या तिन्ही गोष्टी त्यांच्या शिकवणीत एकमेकींना धरून आहेत.

दोन उत्तरांपैकी एक खरे आणि दुसरे खोटे, असे परंपरेने कधी म्हटले नाही. याचे कारण ज्ञानेश्वरीत सापडते. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथात, गीतेच्या तिसऱ्या आणि अठराव्या अध्यायांवर भाष्य करताना, वाट्याला आलेले काम ईश्वराला अर्पण करणे हीच पूजा ठरवली आहे. तिथे कामाच्या जागेला महत्त्व नाही. ते काम कोण करतो आहे, म्हणजे 'मी केले' हा भाव किती उरला आहे, याला आहे. मळ्यात राहून मीपण फुगू शकते आणि हजार कोस चालूनही ते तसेच राहू शकते. देगलूरला हा विचार परका नाही. संत गुंडामहाराज इथलेच, चक्रीभजनाची परंपरा त्यांच्या नावाने चालते, आणि विसाव्या शतकात धुंडामहाराज देगलूरकरांनी ज्ञानेश्वरीच्या निरूपणाने या गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले.

आजच्या भाषेत 'व्यक्तिमत्त्व विकास' म्हणतात तेव्हा अभिप्रेत असते ती भर: आत्मविश्वास वाढला, बोलता येऊ लागले, चार माणसे ओळखीची झाली, पुढारपण आले. भक्तिमार्गाचा हिशेब याच्या उलटा चालतो. तिथे वाढ म्हणजे वजाबाकी. माणसाभोवतीचे जातीचे, घराण्याचे, शिक्षणाचे, जमिनीच्या एकरांचे कवच जेवढे गळेल तेवढा तो मोठा. वारीत लहानमोठा न पाहता एकमेकांच्या पाया पडण्याची रीत त्यासाठीच आहे. हे दोन हिशेब एकमेकांशी जुळतात का, यावर उन्हाळी शिबिरांचे धार्मिक मोल अवलंबून आहे.

या बाबतीत सर्वांत नेमका विचार विनोबा भावे यांनी मांडला. १९३२ च्या उन्हाळ्यात धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर दर आठवड्याला प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. चौथ्या अध्यायावर बोलताना त्यांनी 'विकर्म' या पदाचा अर्थ वेगळा लावला. बाहेर हातांनी घडते ते कर्म. त्याला आतून मिळणारी मनाची साथ, म्हणजे चित्तशुद्धीचे काम, ते विकर्म. दोन्ही एकत्र आली की कामाचे ओझे उरत नाही, तेच अकर्म. या मांडणीने शिबिराचा प्रश्न बराच स्पष्ट होतो. खड्डा खणणे हे कर्म आहे. तो खणताना शेजारच्याची पाटी हलकी भरावी असे वाटणे, खोरे कोणाला द्यायचे यावरून मनात उठलेली कुरबूर ओळखणे, दमलेल्याला न दुखावता बाजूला बसवणे, हे विकर्म. मनाची साथ असलेला आणि नसलेला, खड्डा दोघांचाही सारखाच खणून होतो. घडतो मात्र ज्याच्या मनाने साथ दिली तो.

विनोबांनी हा विचार पायांनी तपासून पाहिला, आणि तोही देगलूरपासून फार लांब नव्हे. १९५१ च्या मार्चमध्ये ते पवनारहून पायी निघून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी पोहोचले आणि तिथून तेलंगणात शिरले. तेव्हा नांदेड जिल्हा, आणि त्यात देगलूर, हैदराबाद राज्यातच होता. जमिनीवरून तेलंगणात रक्त सांडत होते. १८ एप्रिल रोजी तेव्हाच्या नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीत भूमिहीन हरिजन कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली, तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदान त्या दिवशी सुरू झाले. पुढे दान म्हणून जाहीर झालेल्या जमिनीपैकी बरीच पडीक किंवा वादातली निघाली, आणि जमिनीच्या वाटपाचे साधन म्हणून ही चळवळ अपुरी पडली, हे मान्य केले पाहिजे. पण त्या पदयात्रांत चाललेल्या तरुणांचे शिक्षण त्यामुळे खोटे ठरत नाही. रोज नवे गाव, मिळेल ते जेवण, आणि ज्याच्या दारात उभे राहायचे त्याचा द्वेष न करता त्याच्याकडे मागायचे, ही शिस्त कोणत्याही वर्गखोलीत शिकवता येत नाही.

बाबा आमटे यांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी हे या विचाराचे दुसरे मोठे रूप. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातल्या सोमनाथला महारोगी सेवा समितीची शेती आहे. बाबांना तिथे श्रमिकांचे विद्यापीठ उभारायचे होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून दर मे महिन्यात तरुण-तरुणी तिथे जमू लागले. सकाळी श्रम, उन्हे चढल्यावर व्याख्याने आणि गटचर्चा, असा क्रम. मराठवाड्यातून गेलेल्या मुलाला चंद्रपूरचा मे महिना नवा नसतो, ऊन त्याच्या ओळखीचे असते. त्याला नवे असते ते ज्या शेतात तो उभा आहे त्या शेताचे कर्तेपण. जंगल मोडून ही भातखाचरे आणि तळी उभी केली ती कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांनी. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले, ज्यांच्या हाताचे पाणी कोणी घेत नव्हते, त्यांच्या बोटे झडलेल्या हातांनी बांध घातले. शिकलेल्या मुलाने इथे देण्यासाठी यायचे आणि इथल्यांनी घ्यायचे, ही वाटणी पहिल्याच सकाळी मोडते. शेती त्यांना येते, याला नाही. दयेला त्या शेतात जागाच उरत नाही, आणि दया गेल्यावर जे शिल्लक राहते तेच धर्माच्या कामाचे.

नेतृत्वाचा अर्थही इथे बदलतो. १९८५ च्या डिसेंबरात बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रेला निघाले तेव्हा सोबतचे तरुण सायकलींवर होते, आणि मणक्याच्या विकाराने बसताही न येणारे बाबा वाहनात आडवे पडून चालले होते. गीतेत लोकसंग्रह हा शब्द येतो तो याच अर्थाने: श्रेष्ठ जसे वागतो तसे लोक वागतात, म्हणून त्याने आधी स्वतः करावे. गाडगेबाबा ज्या गावी जात तिथे कीर्तनाआधी खराट्याने गाव झाडत. पुढारी हा शब्द मराठवाड्यात आज ज्या अर्थाने वापरला जातो त्याच्याशी या नेतृत्वाचा संबंध नाही.

अलीकडचे उदाहरण पाण्याचे आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. त्याच उन्हाळ्यात पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीन तालुके होते, पुढच्या वर्षी ३० झाले. गावागावांतून निवडलेली माणसे, त्यांत तरुण आणि स्त्रिया, आधी दुसऱ्या गावी निवासी प्रशिक्षणाला जात आणि परत येऊन श्रमदान उभे करत. प्रशिक्षणात शिकवली जाणारी एक साधी गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. उतारावर समतल चर खणण्यासाठी आधी समान उंचीची रेघ आखावी लागते. त्यासाठी मोजपट्टीच्या दोन काठ्या आणि त्यांना जोडणारी पारदर्शक नळी घेतात, नळीत पाणी भरतात. एक जण एका जागी काठी धरून उभा राहतो, दुसरा पुढे सरकतो. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच आकड्याला आले की तिथे फक्कीची खूण. दोघांपैकी एकालाही ही रेघ एकट्याने काढता येत नाही. आणि ती रेघ कोणाच्या बांधाशी थांबत नाही. सातबारा कोणाच्या नावाचा आहे हे न विचारता ती एका भावकीच्या रानातून दुसऱ्या भावकीच्या रानात जाते. वर्षानुवर्षे बोलणे बंद असलेल्या दोन घरांना त्या रेघेसाठी बोलावे लागते. समदृष्टी हा शब्द कीर्तनात शंभरदा ऐकलेल्या माणसाला त्याचा अर्थ इथे काठी धरून कळतो.

या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. मुखेड, कंधार, देगलूर या भागांतली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. कोयता हाती घेऊन परक्या शेतात, परक्या जिल्ह्यात, पाचटाच्या खोपीत महिनोन्‌महिने राहतात. कोणी हैदराबादला बांधकामावर जाते. प्रवास त्यांनीही केला, श्रम शिबिरातल्या मुलापेक्षा कितीतरी जास्त केले. त्यांच्या श्रमाला कोणी संस्कार म्हणत नाही. १९७२ च्या दुष्काळात याच मराठवाड्याने रोजगाराच्या कामावर खडी फोडली, ती पोटासाठी. मग आठ दिवसांचे ऐच्छिक श्रम एकाला घडवतात आणि जन्मभराचे सक्तीचे श्रम दुसऱ्याला मोडतात, हा कोणता न्याय? श्रमाला पूजा म्हणण्यातला धोका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखला होता. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, असे त्यांनी १९३६ मध्ये बजावले. ज्याला आपले काम निवडता येत नाही त्याला ते काम हीच तुझी पूजा असे सांगणे म्हणजे त्याच्या बेडीवर फूल वाहणे होय.

हा आक्षेप मान्य करूनच शिबिराचे मोल ठरवावे लागते. श्रम आपोआप कोणाला घडवत नाहीत. तसे असते तर ऊसतोड करणारी बाई या राज्यातली सर्वांत वंदनीय व्यक्ती ठरली असती. घडवते ती निवड, आणि निवड आपल्याला मिळाली व दुसऱ्याला मिळाली नाही याची जाणीव. चार दिवस खोरे चालवून तळहाताला फोड आलेल्या मुलाला परतल्यावर आपल्या घरच्या सालगड्याचे हात दिसले पाहिजेत. पाडव्याला त्याचे साल ठरवताना घासाघीस होते तेव्हा तो मुलगा वडिलांसमोर काय बोलतो, यावरून छावणीने त्याला काय दिले ते कळते. त्याने गप्प बसून फक्त प्रमाणपत्र भिंतीवर लावले, तर झाले ते कर्म. विकर्म झालेच नाही. मुलींच्या बाबतीत ही परीक्षा घरच्यांची असते. शिबिरात चर आखणारी, गटापुढे बोलणारी मुलगी घरी आल्यावर तिच्या नावावर दोन एकर लावण्याचा विषय निघतो का, हे तिच्या हातात नसते. तिची वाढ झाली म्हणून भागत नाही, घराचीही व्हावी लागते, आणि धर्मविचारांनी या बाजूकडे फार कमी पाहिले आहे.

उरतो प्रश्न एका उन्हाळ्याचा. एवढ्या थोड्या दिवसांत मीपण जाते का? वारकरी संप्रदायाने असे कधी मानले नाही. म्हणून तिथे एका यात्रेला महत्त्व नाही, नेमाला आहे. तुळशीची माळ घातली की दरवर्षीची वारी आली. पहिल्या वारीत माणूस आपले दुखणारे पाय पाहतो. पुढे केव्हातरी त्याला बरोबरच्यांचे पाय दिसू लागतात. शिबिरे भरवणाऱ्यांनी आणि तिथे जाणाऱ्यांनी हा नेमाचा विचार घेतला, तर एकदा जाऊन आलेल्या मुलाने पुढच्या वर्षी आपल्याच तालुक्यात, लेंडी नदीच्या खोऱ्यातल्या एखाद्या उघड्या माळावर, नळी आणि काठ्या घेऊन उभे राहणे ओघानेच येते. त्या वेळी त्याच्याबरोबर दुसरी काठी धरायला कोण येते, कोणत्या वस्तीतून येते, हे पाहावे लागते.